दुव्याचे प्रामाण्य : शोधयंत्रातील स्थान आणि संकेतस्थळाकडे येणारे दुवे

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा ग्रंथ ग्रंथालयात असणे आणि तो वाचकाच्या हाती लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथाची नोंद सूचीत नसेल, किंवा असूनही ती शेकडो नोंदींच्या तळाशी दडलेली असेल, तर जिज्ञासूच्या दृष्टीने तो ग्रंथ नसल्यासारखाच होय. महाजालावरील लेखनाची स्थिती याहून निराळी नाही. किंबहुना ती अधिक बिकट आहे. ग्रंथालयात निदान कपाटांवरून नजर फिरवता येते. महाजालावर वाचक शोधयंत्राला काही शब्द देतो, वरची चार-दोन उत्तरे पाहतो आणि बहुधा तेथेच थांबतो. म्हणून शोधयंत्र कोणते पृष्ठ आधी आणि कोणते मागून मांडते, हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांच्या हिताचा राहत नाही. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने वर्षानुवर्षे खपून तयार केलेली हस्तलिखितांची सूची किंवा एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह यांचे भवितव्यही या क्रमाशी बांधलेले आहे.

हा क्रम ठरविताना शोधयंत्र अनेक गमके विचारात घेते. त्यांपैकी एक महत्त्वाचे गमक म्हणजे इतर संकेतस्थळांवरून त्या पृष्ठाकडे येणारे दुवे. व्यवहारात त्यांस 'बॅकलिंक' म्हणतात, आणि असे दुवे मिळवून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच जगभर उभा राहिला आहे. या धंद्याच्या गलबल्यात मूळ तत्त्व झाकले जाते. दुव्याला मोल का आले, सर्व दुवे सारख्याच मोलाचे का नसतात, आणि विद्यासंस्थेने आपल्या लेखनाकडे चांगले दुवे यावेत म्हणून काय करावे, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

२. उल्लेखसूचीपासून शोधयंत्रापर्यंत

एका लेखनाने दुसऱ्याचा केलेला उल्लेख मोजावा आणि त्यावरून दुसऱ्याचे महत्त्व अजमावावे, ही कल्पना महाजालाहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये न्यायनिर्णयांची एक सूची सुरू केली. कोणत्या जुन्या निर्णयाचा आधार पुढील कोणत्या निर्णयांनी घेतला, तो मान्य केला की उलटविला, हे वकिलाला तीवरून कळत असे. या सूचीचा आदर्श पुढे ठेवून यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात विज्ञानविषयक उल्लेखसूचीची योजना मांडली. पुढे १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची अभ्यासकांस उपलब्ध करून दिली. कोणत्या निबंधाचा आधार पुढे किती जणांनी घेतला, हे तीमुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर मोजता येऊ लागले.

परंतु नुसती मोजदाद पुरेशी नाही, हेही लवकरच ध्यानात आले. मान्यवर नियतकालिकात झालेला एक उल्लेख आणि कोणी न वाचणाऱ्या नियतकालिकात झालेला एक उल्लेख यांस सारखेच धरणे न्याय्य नव्हे. गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नारिन यांनी १९७६ मध्ये असे सुचविले की, ज्याला स्वतःला मान आहे त्याने केलेल्या उल्लेखाचे वजन अधिक धरावे. ही व्याख्या प्रथमदर्शनी वर्तुळाकार वाटते. कोण मान्यवर? ज्याचा उल्लेख मान्यवर करतात तो. तथापि गणिताच्या दृष्टीने यात दोष नाही. सर्वांची वजने एकमेकांवर अवलंबून असली तरी सर्व समीकरणे एकत्र सोडविल्यास प्रत्येकाचे निश्चित वजन हाती येते.

१९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी महाजालाची योजना मांडली. या जालातील दुव्याचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हा दुवा एकेरी असतो आणि तो देण्यास दुसऱ्याची अनुमती लागत नाही. ज्या पृष्ठावर दुवा दिला आहे तेथे तो दिसतो. ज्या पृष्ठाकडे तो जातो तेथे त्याची खूणही उमटत नाही. साहजिकच एखाद्या पृष्ठाकडे कोण कोण बोट दाखवीत आहे हे जाणण्यासाठी सगळे जालच चाळून पाहावे लागते.

आरंभीची शोधयंत्रे हे काम करीत नसत असे नव्हे. परंतु क्रम लावताना त्यांचा भर प्रामुख्याने पृष्ठावरील शब्दांवर असे. विचारलेला शब्द पृष्ठात किती वेळा व कोठे आला आहे, यावरून त्याचे स्थान ठरे. या रीतीतील उणीव उघड आहे. पृष्ठ स्वतःविषयी जे सांगते त्यावरच विश्वास ठेवला, तर जो अधिक मोठ्याने व अधिक वेळा सांगेल तो वर चढतो. पृष्ठाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याचे प्रकार याच काळातले.

या पार्श्वभूमीवर स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास जे शोधयंत्र रचले त्याचे पहिले नावच 'बॅकरब' असे होते. मागून येणाऱ्या दुव्यांचा हिशेब ही त्यातील मध्यवर्ती कल्पना असल्याचे त्या नावातून सूचित होते. याच यंत्राला पुढे 'गूगल' हे नाव मिळाले. त्याचे वर्णन करणारा त्यांचा निबंध १९९८ मध्ये ब्रिस्बेन येथील परिषदेत सादर झाला, तेव्हा त्यांच्या संग्रहात सुमारे २ कोटी ४० लाख पृष्ठे होती. त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनीही दुव्यांच्या आधारे 'अधिकारी' पृष्ठे आणि अशा पृष्ठांकडे नेणारी 'केंद्रे' ओळखण्याची एक स्वतंत्र पद्धती मांडली. पृष्ठाने स्वतःविषयी दिलेल्या ग्वाहीपेक्षा इतरांनी त्याच्याविषयी दिलेली साक्ष अधिक विश्वसनीय मानावी, हे या दोन्ही पद्धतींचे समान सूत्र होय.

३. वजनाची वाटणी

पेज व ब्रिन यांच्या पद्धतीस 'पेजरँक' म्हणतात. तिच्यामागील कल्पना समजण्यास एक काल्पनिक वाचक डोळ्यांसमोर आणावा. हा वाचक कोणत्याही पृष्ठावरून सुरुवात करतो आणि तेथील दुव्यांपैकी एखादा, काही विचार न करता, निवडून पुढे जातो. असे करता करता तो कधीतरी कंटाळतो आणि कोणत्याही वेगळ्याच पृष्ठावर उडी घेतो. हा क्रम दीर्घकाळ चालला, तर तो ज्या पृष्ठावर वारंवार येऊन पोहोचेल ते पृष्ठ अधिक वजनाचे. १९९८ च्या निबंधात दुव्याने पुढे जाण्याची शक्यता सामान्यतः ०.८५ धरलेली आहे, उरलेली ०.१५ ही उडी घेण्याची शक्यता होय.

यावरून हिशेबाची रीत ठरते. प्रत्येक पृष्ठ आपले वजन त्यावरील दुव्यांत समान वाटते. एखाद्या पृष्ठाला सर्व दुव्यांतून मिळालेल्या वाट्यांची बेरीज करावी, तिला ०.८५ ने गुणावे आणि तीत ०.१५ मिळवावे, म्हणजे त्या पृष्ठाचे वजन येते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. क, ख व ग अशी तीनच पृष्ठे आहेत असे समजावे. क हे पृष्ठ ख आणि ग या दोहोंकडे दुवा देते; ख केवळ ग कडे देते; आणि ग केवळ क कडे देते. वरील रीतीने तिन्ही समीकरणे सोडविली असता क चे वजन सुमारे १.१६, ख चे ०.६४ आणि ग चे १.१९ येते.

या तीन आकड्यांत चांगल्या दुव्याचे सारे रहस्य साठविलेले आहे. क आणि ख या दोघांनाही येणारा दुवा एकेकच आहे. तरी क चे वजन ख च्या जवळजवळ दुप्पट भरते. याचे कारण असे की, क ला दुवा देणारे ग हे पृष्ठ तिघांत सर्वांत वजनदार आहे आणि ते आपले सगळे वजन एकाच दुव्यातून देते. उलट ख ला मिळणारा दुवा क कडून येतो आणि क चे वजन दोघांत विभागले जाते. तेव्हा दुव्यांची संख्या सारखी असूनही दोन गोष्टींमुळे फरक पडतो : देणाऱ्याची पत आणि तो किती जणांना देतो. जेथे शेकडो संकेतस्थळांची नावे कसलीही निवड न करता ओळीने मांडलेली असतात, अशा यादीतून आलेला दुवा का हलका असतो, हे यावरून सहज कळेल.

आज कोणतेही मोठे शोधयंत्र केवळ या एका सूत्रावर चालत नाही. पृष्ठाचा आशय, प्रश्नाचा अर्थ, भाषा, ताजेपणा, वाचकाचे स्थान अशा कितीतरी गोष्टी हिशेबात येतात, आणि त्यांची नेमकी प्रमाणे बाहेर प्रकट केली जात नाहीत. गूगलने पृष्ठांचे जाहीरपणे दाखविले जाणारे पेजरँकचे आकडे २०१६ मध्ये बंद केले. तरीही दुवा ही परक्याने दिलेली साक्ष आहे, हे मूळ तत्त्व टिकून आहे.

४. कोणता दुवा आप्त?

भारतीय प्रमाणशास्त्राचा परिचय असणाऱ्यास हा विचार अपरिचित वाटणार नाही. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण नव्हे, आप्ताचा शब्द प्रमाण. आप्त कोण? ज्याला वस्तूचे यथार्थ ज्ञान आहे, आणि ते जसे आहे तसे दुसऱ्यास सांगावे अशी ज्याची इच्छा आहे तो. ज्ञान आहे पण सांगण्यात हेतू दूषित आहे, किंवा हेतू शुद्ध आहे पण ज्ञान नाही, अशा दोन्ही प्रसंगी शब्दाचे प्रामाण्य डळमळते. दुव्याच्या परीक्षेस हीच दोन लक्षणे लावून पाहता येतात.

पहिले लक्षण ज्ञानाचे. बोलीभाषांवरील शब्दसंग्रहाला भाषाविज्ञानाच्या एखाद्या विभागाने किंवा कोशमंडळाने दिलेला दुवा विषयज्ञाची साक्ष ठरतो. त्याच संग्रहाला घरबांधणीचे सामान विकणाऱ्या दुकानाच्या संकेतस्थळावरून आलेला दुवा कितीही ठळक असला तरी त्या साक्षीला आधार नाही. विषयाची जवळीक आणि देणाऱ्याची त्या विषयातील पत या दोन्ही गोष्टी येथे मोडतात.

दुसरे लक्षण हेतूचे. दुवा लेखकाने वा संपादकाने वाचकाच्या सोयीसाठी आपण होऊन दिला आहे, की मोबदला घेऊन, अदलाबदल म्हणून किंवा स्वतःच्याच स्थळाच्या हितासाठी दिला आहे, हा प्रश्न निर्णायक आहे. यंत्राला हेतू दिसत नाही. पण हेतूच्या खुणा दिसतात. मजकुराच्या ओघात, जेथे त्याची गरज आहे तेथे दिलेला दुवा आणि प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी चिकटविलेला दुवा यांत फरक करता येतो. एकाच दिवसात शेकडो अपरिचित स्थळांवरून एकाच शब्दरचनेचे दुवे येऊ लागले, तर तेही बोलके असते.

याच्याशी संलग्न अशी तिसरी बाब म्हणजे दुव्याचे शब्द. ज्या शब्दांवर दुवा बसविलेला असतो ते शब्द शोधयंत्र लक्ष्यपृष्ठाचे वर्णन म्हणून वाचते. 'येथे पाहा' या शब्दांतून काहीच कळत नाही. 'लीळाचरित्राच्या हस्तलिखितांची सूची' असे लिहिल्यास वाचक व यंत्र या दोघांनाही पुढे काय आहे ते समजते.

५. विकत घेतलेली साक्ष

साक्षीला मोल आले की खोटे साक्षीदार उभे राहतात, हा न्यायालयांचा जुना अनुभव आहे. दुव्यांच्या बाबतीतही तेच घडले. २००३ मध्ये अनेकांनी संगनमत करून अपयशदर्शक अशा इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या अधिकृत चरित्रपृष्ठाचा दुवा बसविला. परिणामी ते शब्द शोधले असता चरित्रपृष्ठ अग्रस्थानी येऊ लागले, जरी ते शब्द त्या पृष्ठावर कोठेही नव्हते. हा राजकीय उपहास होता. गूगलने त्याचा बंदोबस्त २००७ च्या जानेवारीत केला. व्यापारी उदाहरण याहून गंभीर आहे. जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे संकेतस्थळ २०१० च्या अखेरच्या महिन्यांत कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात पहिल्या स्थानी दिसत होते. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये असे दाखवून दिले की, विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य पृष्ठांवर तिच्याकडे जाणारे दुवे पेरलेले होते. हे आपल्या संमतीने झाल्याचे कंपनीने नाकारले. पण गूगलने केलेल्या कारवाईनंतर तिची पृष्ठे कितीतरी खाली गेली.

शोधयंत्रांनी यावर जे उपाय योजले त्यांचे तीन प्रकार करता येतात. पहिला उपाय साक्षीदारालाच खुलासा करावयास लावण्याचा. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधयंत्रांनी 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. आपण दुवा देतो आहोत, पण त्याची ग्वाही देत नाही, असा तिचा अर्थ. २०१९ मध्ये गूगलने जाहिरातीच्या दुव्यांसाठी आणि वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातील दुव्यांसाठी निराळ्या खुणा जोडल्या आणि या सर्व खुणा आज्ञा म्हणून नव्हे, तर सूचना म्हणून वाचण्याचे जाहीर केले.

दुसरा उपाय विश्वासाची परंपरा शोधण्याचा. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ व याहू येथील संशोधकांनी 'ट्रस्टरँक' ही पद्धती मांडली. तीत प्रथम माणसांनी पारखलेली थोडी विश्वसनीय पृष्ठे घ्यावयाची आणि त्यांच्या दुव्यांतून विश्वास पुढे पसरत जातो असे मानावयाचे. चांगली पृष्ठे सहसा वाईटांकडे बोट दाखवीत नाहीत, हे तिचे गृहीतक. मूळ पृष्ठांपासून जितके दूर जावे तितका विश्वास क्षीण होतो.

तिसरा उपाय दंडाचा. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाची सुधारणा अमलात आणली. तीत बनावट दुव्यांच्या बळावर वर चढलेल्या पृष्ठांना खाली ओढले गेले. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाल्याचे गूगलने सांगितले. सप्टेंबर २०१६ पासून ही तपासणी मुख्य यंत्रणेतच समाविष्ट झाली, आणि तेव्हापासून असे दुवे पुष्कळदा दंड न करता केवळ मोजणीतून वगळले जातात. मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमांनी आणखी काही वाटा बंद केल्या. मुदत संपलेले जुने पत्ते विकत घेऊन त्यांची शिल्लक पत वापरणे ही त्यांपैकी एक होय.

या सगळ्या घटनांतून एक सामान्य सिद्धान्त निघतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलननीतीच्या संदर्भात तो सांगितला होता. एखाद्या परिमाणाच्या आधारे नियंत्रण करू लागले की, ज्या नियमिततेमुळे ते परिमाण उपयुक्त होते ती नियमितताच मोडते. दुवे सहज घडत होते तोवर ते गुणवत्तेचे चांगले निदर्शक होते. ते घडवून आणले जाऊ लागले तसे त्यांचे निदर्शकत्व ओसरले. मराठीत 'दुवा' या शब्दाला जोडणारी कडी आणि आशीर्वाद असे दोन अर्थ आहेत. दुसऱ्या अर्थाचा दुवा विकत घेता येत नाही हे सर्वांस ठाऊक असते. पहिल्या अर्थाचा दुवाही विकत घेतला की निष्फळ होतो, हे पुष्कळांस ठेच लागल्यावर कळले.

६. दुवे जोडण्याचा मार्ग

तर मग विद्यासंस्थेने स्वस्थ बसावे काय? तसे मुळीच नाही. दुवा विकत घेऊ नये, याचा अर्थ तो मिळण्याची वाट मोकळी करू नये असा होत नाही. या वाटेवर पाच गोष्टी येतात.

पहिली गोष्ट, ज्याचा आधार घ्यावासा वाटेल असे काही प्रकाशित करणे. सर्वसामान्य परिचयपर मजकूर जालावर विपुल आहे. त्याला दुवा देण्याचे कोणास प्रयोजन नसते. मूळ साधने, सूची, कोश, क्षेत्रपाहणीतील नोंदी, चिकित्सक संहिता, कालानुक्रम ही इतरांना पुन्हा पुन्हा लागणारी सामग्री होय, आणि विभागांच्या कपाटांत अशी सामग्री पडून असते.

दुसरी गोष्ट, पत्ता स्थिर ठेवणे. संकेतस्थळाची पुनर्रचना होते तेव्हा जुने पत्ते सर्रास मोडतात आणि त्यांकडे येणारे सर्व दुवे एका क्षणात निष्फळ होतात. प्यू या अमेरिकी संशोधनसंस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनंतर उपलब्ध नसल्याचे आढळले. पुनर्रचना अटळ असेल तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे पुनर्निर्देशन ठेवावे. शोधनिबंधांना 'डीओआय'सारखी कायम ओळखसंख्या असल्यास उत्तम.

तिसरी गोष्ट, प्रत्येक स्वतंत्र घटकाला स्वतंत्र पत्ता देणे. संपूर्ण अंक एकाच धारिकेत ठेवला तर त्यातील सातव्या लेखाकडे नेमका दुवा देता येत नाही. प्रत्येक लेखाला त्याचे पृष्ठ, शीर्षक, लेखकाचे नाव व सारांश असावा, आणि तो उद्धृत कसा करावा हेही तेथेच सांगावे.

चौथी गोष्ट, ज्यांना प्रयोजन आहे त्यांना कळविणे. ज्या लेखांत आपल्या सूचीचा नामोल्लेख आहे पण दुवा नाही, त्यांच्या संपादकांस सौजन्याने पत्र लिहिण्यात काही गैर नाही. एखाद्या ग्रंथालयाच्या साधनयादीतील दुवा मोडलेला असेल आणि त्या जागी शोभेल असे साधन आपल्यापाशी असेल, तर ते कळविणे ही यादीकर्त्याची सेवाच होय. पत्रात साधन काय आहे, कोणास उपयोगी पडेल आणि त्याचा स्थिर पत्ता कोणता, एवढे असावे. मोबदल्याचा वा परतफेडीचा उल्लेख नसावा.

पाचवी गोष्ट, स्वतः दुवे देणे. ज्या लेखनाचा आधार घेतला त्याकडे नेमका दुवा देणारे संकेतस्थळ अभ्यासकांच्या व्यवहारात सामील होते. क्लाइनबर्ग यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर चांगले 'केंद्र' होणे हाही विद्वत्तेचा एक प्रकार आहे.

इंग्रजी विकिपीडियाने २००७ पासून आपल्या बाह्य दुव्यांवर 'नोफॉलो' खूण लावली आहे. म्हणून तेथील संदर्भ निरुपयोगी ठरतात असे मात्र नव्हे. अशा संदर्भावरून येणारा वाचक अभ्यासकही असू शकतो, आणि तो पुढे आपल्या लेखनात खुणेविना दुवा देण्याचा संभव असतो.

७. मराठी विद्याक्षेत्राचा प्रश्न

या विवेचनाचा मराठीशी थेट संबंध आहे. मराठीतील संशोधनपर लेखन अल्प नाही. पण त्यातील मोठा भाग शोधयंत्राला दिसतच नाही, आणि जो दिसतो त्यालाही परस्परांच्या दुव्यांचा आधार अल्प आहे. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण लिपीच्या संकेतनाचे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्थान आहे. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर अशा टंकांत जुळविला गेला की, ज्यांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. असा मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो. यंत्राला मात्र तेथे रोमन चिन्हांची निरर्थक रांग दिसते. ज्या लेखाचे शब्दच यंत्राला वाचता येत नाहीत, त्याकडे कितीही चांगले दुवे आले तरी तो योग्य प्रश्नाच्या उत्तरात येणे कठीण. जुन्या धारिका युनिकोडमध्ये आणणे ही म्हणूनच दुव्यांच्याही आधीची पायरी आहे.

दुसरे कारण प्रतिमारूप धारिकांचे. छापील पानांची छायाचित्रे चढविली की काम झाले असे समजले जाते. शोधयंत्रे आता प्रतिमांतील अक्षरे काही अंशी ओळखतात. परंतु जीर्ण छपाईतील जोडाक्षरे व जुन्या शुद्धलेखनातील अनुस्वार यांच्या बाबतीत त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

तिसरे कारण सवयीचे, आणि तेच सर्वांत मूलगामी आहे. मराठी अभ्यासक पूर्वसूरींचा नामनिर्देश करतो, ग्रंथाचे नाव व प्रकाशनवर्षही देतो. पण ते लेखन जालावर उपलब्ध असतानाही त्याकडे दुवा देत नाही. मराठी विश्वकोशाचे लेख जालावर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर 'शोधगंगा' या भांडारात प्रबंध जमा होऊ लागले. त्यांत मराठी प्रबंधही आहेत. असे असता एखाद्या नव्या लेखात या साधनांकडे नेमका दुवा न देणे म्हणजे साक्ष देण्यास पात्र असलेल्याने मौन पाळणे होय. परिणाम असा होतो की, मराठी विषयावरही विषयज्ञाचे लेखन मागे राहते, आणि ज्यांस लेखनापेक्षा वर चढण्याची विद्या अधिक अवगत आहे अशांची पृष्ठे पुढे येतात. उद्याचा विद्यार्थी त्यांचाच आधार घेईल, आणि चूक उल्लेखांच्या परंपरेने दृढ होत जाईल. कोणत्याही एका विभागाच्या कीर्तीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

८. मर्यादा व निष्कर्ष

दुव्यांनी ठरणारा क्रम हा सत्याचा क्रम नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्रातील एक प्रवृत्ती दाखवून दिली : ज्याला आधीच कीर्ती आहे त्यालाच नवे श्रेयही अधिक मिळते. १९९९ मध्ये आल्बर्ट-लास्लो बाराबाशी व रेका आल्बर्ट यांनी महाजालासारख्या जाळ्यांच्या वाढीतही तोच कल गणिताने मांडला. जुन्या, मोठ्या व इंग्रजी संकेतस्थळांना याचा लाभ मिळतो; नव्या, लहान व प्रादेशिक भाषेतील स्थळांना तोटा. शिवाय एखाद्या मताचे खंडन करण्यासाठी दिलेला दुवाही मूळ सूत्रात समर्थनासारखाच मोजला जातो. शेपर्ड यांच्या सूचीत मान्य केलेले व उलटविलेले निर्णय वेगळे दाखविले जात. दुव्यात तो विवेक अंगभूत नाही.

या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. येणाऱ्या दुव्यांचे बळ हे अखेर इतरांनी विचारपूर्वक दिलेल्या साक्षीचे बळ आहे; ते संख्येने नव्हे, साक्षीदाराच्या ज्ञानाने व निर्हेतुकतेने वाढते. म्हणून ज्या विभागाला आपले लेखन वाचकापर्यंत जावे असे वाटते त्याचे कार्य दुहेरी आहे. आपले लेखन आधार घेण्यास योग्य, यंत्राला वाचता येण्याजोगे व स्थिर पत्त्यावर ठेवावयाचे, आणि दुसऱ्याच्या योग्य लेखनाला आपणही नेमका दुवा द्यावयाचा. यातील पहिल्या कामास साधनसामग्री व काळ लागेल. दुसरे काम पुढच्या लेखापासून, त्याच्या पहिल्याच संदर्भापासून, आरंभिता येण्याजोगे आहे.